बाहेर आलेली फीत

गाण्यांच्या संग्रहालयात सगळे ग्रामोफोनच्या कर्ण्यापुढे फोटो काढत होते आणि माझा मोठा भाऊ एका साध्या कॅसेटपुढे खिळला होता. काचेआडच्या त्या कॅसेटची फीत बाहेर येऊन लोंबत होती. अशी कॅसेट घेऊन आमची सगळी गल्ली दादाकडे यायची. दातेरी भोकात बॉलपेन घालून तो हलक्या हाताने फिरवायचा आणि फीत निमूट आत जायची.

पक्षाघातानंतर त्याचा उजवा हात उठत नाही. शब्द तोंडाशी येऊन अडकतात.

"ते... ते..." तो म्हणाला.

शब्द मला ठाऊक होता, पण मी पुरवला की तो चिडतो. मी नुसता फितीकडे बघत राहिलो. गाणं आत अख्खं असेल, वीतभर फीत तेवढी बाहेर आलीय. दादाचंही तसंच असेल का? पण माणसाला पेन घालायची जागा कुठे असते?

दादाने डाव्या हाताने माझ्या खिशातलं बॉलपेन काढलं आणि तिथल्या पहारेकऱ्यापुढे धरलं. "ते..."

मी तोंड उघडणार, तोच दादाने माझ्यावर डोळे वटारले.

पहारेकरी भला माणूस होता. "अभिप्राय लिहायचाय ना काका? वही दाराजवळ आहे. चला, मी नेतो."

दादाने जोरजोरात नकारार्थी मान हलवली. मग हळूहळू तेही सोडून दिलं. पहारेकऱ्याने त्याला अदबीने हात धरून नेलं आणि कोऱ्या पानासमोर बसवलं.