दोन्ही पडद्यांवर दोन-दोन गाड्या

नातीच्या तोंडात घातलेलं पाणी तिला गिळता आलं नाही. ओठाच्या कोपऱ्यातून ते गळून फ्रॉकवर आलं. पापण्या अर्ध्यावर लोंबत होत्या, त्या तिला वर उचलता येत नव्हत्या. आणि नेमका त्या वेळी माझे जावई माझ्या मुलाला सांगत होते की हातातल्या गेमपेक्षा टीव्हीचा गेम डोळ्यांना कसा चांगला असतो.

हे मी विसरले नाही. विसरायचा विचारही नाही.

जावयांचं गोंदियात मोबाईलचं दुकान आहे. दिवाळीनंतर आमच्या गावात मंडईची जत्रा भरते, तेव्हा मुलगी आणि जावई येतात. गेल्या खेपेला त्यांनी दुकानातले दोन गेम आणले. एक काळा डबा होता. तो टीव्हीखाली ठेवायचा, त्याची तार टीव्हीत खुपसायची आणि दोघांनी एकेक बटणांची मूठ हातात घेऊन खेळायचं. दुसरा पाटीएवढा, त्याचा पडदा त्याच्यातच आणि बटणंही त्याच्यावरच.

संध्याकाळभर जावई घरापुढच्या छपरीत बसून गिऱ्हाईकाला सांगावं तसं सांगत होते. "देखो भाऊ, डब्याची मजा वेगळी. चित्र मोठं, घरातले सगळे मिळून खेळा, गाडी आपटली की मूठ हातात थरथरते. पण लाईन गेली की खतम. हातातल्याला लाईनचं टेन्शन नाही. एसटीत खेळा, कानात वायर घाला. मधेच बंद केला तरी होता तिथूनच चालू."

मुलगा म्हणाला, "मले डबाच पटते. टीव्हीवर पोरगी काय खेळून राहिली ते घरभर दिसते. हातातला म्हणजे चोरीचा धंदा. गोधडीत घेऊन खेळल तं कोणाले समजते?"

"तुझ्या पोरीले चोर म्हणून राहिला का बे?" मी म्हटलं. सगळे हसले. नातही हसली.

रात्री ती माझ्याजवळ छपरीतच खाली सतरंजीवर झोपली. हातातला गेम तिनं चार्ज करून उशीखाली ठेवला. मंडईत दिवसभर फिरून आम्ही दोघी थकलो होतो, पडल्या पडल्या झोपलो.

सकाळी मी चुलीजवळ होते. छपरीतून तिचा आवाज आला, "बाबा, पोट दुखते. डोळे नाई उघडत."

मुलानं उशी उचलली. खाली गेम. झालं, त्याचा न्याय झाला.

"रातभर खेळली ना वं?"

"नाई खेळली बाबा."

"काऊन खोटं बोलून राहिली? डोळे पाह्य तुये कसे झाले!"

मी चुलीजवळूनच ओरडले, "पोट दुखते म्हणते ना ती. पोटाचं पहा आधी!"

"आई, तुले यातलं समजत नाही," मुलगा म्हणाला. मला यातलं समजत नव्हतं, खरंच आहे. त्याला तरी काय समजत होतं?

जावई मध्ये पडले. छोट्या पडद्यानं डोळ्यांवर जोर येतो, मोठ्या पडद्यानं येत नाही, आता दाखवतोच म्हणाले. आजारी पोरीला उठवून त्यांनी टीव्हीपुढे बसवलं, डबा चालू केला आणि मूठ तिच्या हातात दिली. ती हनुवटी वर करून बघत होती, झाकणाखालून बघावं तशी. एका बोटानं एक पापणी धरली होती.

"गाड्या दोन दिसून राहिल्या," ती म्हणाली. "उठल्यावर हातातला एकदा लावून पाह्यला, त्याच्यातही दोन होत्या. याच्यातही दोन-दोन."

"टू प्लेअर लागलं वाटते!" जावई म्हणाले आणि माझा मुलगा हसला. मी ते हसणं ऐकलं आहे. माझ्या पोटचा तो, म्हणून मी ते सोडून देणार नाही.

मूठ तिच्या हातातून सुटली. गाडी पडद्यावर कुठेतरी आपटत असावी, कारण जमिनीवर पडलेली मूठ थरथरत होती. पोरीनं ती उचलायला हात केला, बोटं वळली नाहीत.

तेवढ्यात सून शेतातल्या बांधीवरून धान कापणाऱ्या बायांसाठी चहा न्यायला आली. तिनं लेकीला पाहिलं, पेला तोंडाला लावला आणि पाणी बाहेर आलं. जावई अजून डोळ्यांचंच बोलत होते.

"चुलीत घाला तुमचा गेम!" सून किंचाळली. "गाडी काढा!"

जावयांच्या गाडीतून गोंदियाला नेईपर्यंत पोरीचं बोलणं बंद झालं. माझ्या मांडीवर तिची छाती कशीबशी वर येत होती. दवाखान्यात डॉक्टर बाईंनी विचारलं, काय झालं? मुलगा म्हणाला, "रातभर गेम खेळली." तिथेही तेच! बाईंनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. पापण्या पाहिल्या, पोटाचं विचारलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "खाली झोपली होती का?"

मण्यार साप, बाई म्हणाल्या. चावलेलं दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. नंतर शेजाऱ्यांनी छपरीतली धानाची पोती हलवली तेव्हा मागे साप निघाला. पोरीच्या घशात नळी घातली, मशीनवर श्वास दिला, औषध चढवलं. आम्ही बाहेर फरशीवर बसून राहिलो.

माझ्या मुलीनं तो हातातला गेम पिशवीतून आणला होता. तिनं बटण दाबलं. बॅटरी भरलेली होती, रात्री भरली होती जवळपास तशीच. पोरगी खरं बोलत होती. त्या बटणाला आम्हा मोठ्यांपैकी कोणीही सकाळी बोट लावलं असतं तर समजलं असतं. दोन माणसांना त्या दोन यंत्रांचं सगळं माहीत होतं, आणि यंत्र रातभर बंद होतं की चालू एवढं कोणी पाहिलं नाही. जावई बॅटरीकडे बघून म्हणाले, "बॅकअप चांगला आहे याचा." मुलीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उठून खाली चहाला गेले.

आता गावात काय सांगतात? गेम खेळून खेळून पोरीचे डोळे गेले होते, असं सांगतात. बाया आपल्या पोरांना तेच सांगून भेववतात. मुलगा ऐकतो आणि गप्प बसतो, कारण गोष्ट अशी सांगितली की दोष पोरीचा होतो. मी प्रत्येक वेळी तिथेच तोंडावर सांगते. गेमनं काही केलं नाही. ना डब्यानं, ना हातातल्यानं. साप चावला होता आणि घरातले पुरुष पडद्याची मापं काढत बसले होते. लोकांना ही गोष्ट आवडत नाही. न आवडू दे.

पोरगी जगली. ती पाचवीत आहे.