पट्टी पुन्हा हिरवी झाली

पट्टी पुन्हा हिरवी झाली, आणि आमच्या प्लांट हेडनी मला केबिनमध्ये बोलावून चहा मागवला.

"मॅडम, मैंने कहा था ना, अपने आप ठीक हो जाएगी," खंडेलवालसाहेब म्हणाले. "आप खामखाँ टेन्शन लेती हैं."

मी चहा घेतला. बरं वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं.

ईशान, रेवा, आजी कारखान्यात नेमकं काय करायची, असं तुम्ही फोनवर विचारलं होतं. देवासच्या एका कारखान्यात मटेरियल टेस्टिंगची लॅब माझ्याकडे होती. कोणतं लोखंड किती ताण सोसेल, कुठे चीर पडली आहे, हे बघणं माझं काम. ही गोष्ट माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षाची आहे. रेवाने मराठी वाचायचा कंटाळा केला तर ईशानने तिला वाचून दाखवावी.

आमच्याकडे एक जुनी पॉवर प्रेस होती. प्रेस म्हणजे जाड पत्र्यावर जोराने ठोका मारून त्याला आकार देणारं मशीन. तिची लोखंडी चौकट इंग्रजी सी अक्षरासारखी. प्रत्येक ठोक्याला ते सी किंचित उघडतं आणि परत मिटतं. त्यामुळे सगळा ताण सीच्या आतल्या वळणावर येतो. तिथेच चीर पडली होती. वेल्डिंग करून ती बुजवली होती. नवी प्रेस घ्यायला हेड ऑफिस तयार नव्हतं. चिरेवर रोज लक्ष ठेवायचं, या अटीवर मी ती चालवायला होकार दिला.

लक्ष ठेवायला इंदूरच्या एका संस्थेतल्या संशोधकांनी आम्हाला एक नवी वस्तू चाचणीसाठी दिली. रबराची बोटभर पट्टी. तिला रंग दिलेला नव्हता, तरी ती हिरवी दिसायची. मोराच्या पिसात निळा रंग भरलेला नसतो, पिसाची बारीक रचनाच निळा प्रकाश परत पाठवते. पट्टीचंही तसंच. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे कण थरांमध्ये ओळीने बसवलेले होते. दोन थरांतल्या अंतरावर रंग ठरायचा. पट्टी ताणली की ती पातळ होते, थर जवळ येतात आणि रंग निळ्याकडे जातो. याला फोटॉनिक क्रिस्टल म्हणतात. वायर नको, बॅटरी नको.

आम्ही पट्टीची दोन टोकं चिरेच्या दोन बाजूंना चिकटवली. चीर उघडली तर पट्टी ताणली जाणार आणि निळी होणार. तिरकं पाहिलं तर अशा पट्टीचा रंग वेगळाच दिसतो. म्हणून समोर जमिनीवर पिवळ्या रंगाने दोन पावलं काढली. शिफ्ट सुरू होण्याआधी तिथे उभं राहून पट्टी बघायची. हिरवी असेल तर मशीन चालवा, निळी दिसली तर मला बोलवा. ऑपरेटर दत्ताला मीच हे शिकवलं.

दत्ताचे पूर्वज देवासच्या दरबाराबरोबर दक्षिणेतून आलेले. घरात मराठी, बाहेर मालवी. कारखान्यात विश्वकर्मापूजा व्हायची, पण दत्ता आपली प्रेस खंडेनवमीलाही पुजायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं पुजायची, ही त्यांच्या घरची रीत. त्याने प्रेस धुतली, पुसली, पातळ मशीन ऑइलचा हात फिरवला, शेंदूर लावला, झेंडूची माळ घातली. नव्या पट्टीला तर त्याने सगळ्यांत निगुतीने तेल लावलं. नवी वस्तू, चमकली पाहिजे.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं तेव्हा पट्टी लाल होती.

"भिया, तेरी देवी नाराज हो गई!" शेजारच्या मशीनवरून कोणीतरी ओरडलं.

"नाराज नाही रे, लाजली आहे," दत्ता म्हणाला. सगळे हसले.

कारण मी लगेच ओळखलं. रबर तेल पितं आणि भिजवलेल्या मटकीसारखं फुगतं. थर लांब जातात, रंग लाल होतो. पट्टी निकामी झाली होती. दुसरी इंदूरहून दिवाळीनंतर येणार होती. मी खंडेलवालसाहेबांना म्हटलं, तोवर प्रेस बंद ठेवा, नाहीतर मला चिरेची तपासणी करू द्या.

"दिवाली का डिस्पॅच निकल जाने दो, मॅडम. तेल ही तो है, उड़ जाएगा."

आणि खरंच, हळूहळू लाल फिकट होत गेला, नारिंगी झाला, पिवळसर झाला, मग हिरवा. दत्ताने पेढा आणून दिला. खंडेलवालसाहेबांनी चहा पाजला.

चहा घेऊन मी लॅबमध्ये परत आले. पट्टी लाल झाली त्याच दिवशी मी तिचा उरलेला एक तुकडा त्याच तेलात बुडवून, पुसून खिडकीत ठेवला होता. चिकटवायला तो फार लहान होता, म्हणून पडून होता. त्या दिवसापासून तो लाल होता. मी जवळ जाऊन पाहिलं. अजूनही लालच.

रॉकेल उडतं, मशीन ऑइल उडत नाही. खिडकीतल्या तुकड्यातून तेल गेलं नव्हतं, तर प्रेसवरच्या पट्टीतून कुठून जाणार? ती अजून फुगलेलीच होती. तरी हिरवी दिसत होती, म्हणजे काहीतरी तिला ताणत होतं. तेल रंग लालकडे नेत होतं, चीर निळ्याकडे ओढत होती. दोघांच्या मध्ये हिरवा आला होता.

मी परत केबिनमध्ये गेले.

"साहेब, प्रेस बंद करा. चीर उघडली आहे."

"लाल थी तब भी बंद करो, हरी है तब भी बंद करो! फिर पट्टी लगाई क्यों थी?"

"निदान तपासणी करू द्या."

"रविवार को. अभी गाड़ी खड़ी है लोडिंग में."

मी शॉपमध्ये, म्हणजे मशीनांच्या शेडमध्ये, गेले. प्रेस चालू होती. ठोक्याला जमीन हलत होती. मी पिवळ्या पावलांवर उभी राहिले. आम्ही सगळे पट्टी बघायचो ती मशीन बंद असताना. चालू मशीनवर ती मी पहिल्यांदाच लक्ष देऊन बघत होते. ठोका पडला की हिरवी पट्टी क्षणभर निळी व्हायची आणि परत हिरवी. पुन्हा ठोका, पुन्हा निळी. कोणी श्वास घ्यावा तशी. चौकट मोडली असती तर वरचा सगळा भार दत्ताच्या हातांवर येणार होता.

"दत्ता, थांबव!"

"काय झालं ताई?" त्याने पायाखालचं पेडल सोडलं नाही.

"थांबव म्हणते ना! चीर उघडली आहे."

"अहो, हिरवी तर आहे! तुम्हीच शिकवलं, हिरवी म्हणजे चालवा. हा लॉट संपला की बंद करतो. साहेब मला खातील."

मी त्याच्या बाजूने हात घालून स्टॉपचं लाल बटण दाबलं. सुपरवायझर धावत आला. "मॅडम, आपने किससे पूछ के बंद किया?" मी म्हटलं, कोणालाही नाही.

चीर तपासायची पद्धत सोपी आहे. लाल रंगाचं पातळ द्रव्य लावायचं, थोडं थांबून पुसायचं आणि वर पांढरी पूड फवारायची. चिरेत शिरलेला रंग पांढऱ्यावर उमटतो. मी पूड फवारली आणि सगळे उभे राहून बघू लागले. वेल्डच्या जागेतून एक लाल रेघ निघाली. ती चौकटीच्या मागच्या कडेपर्यंत जवळजवळ पोहोचली. दत्ता खाली बसला. त्याने दोन्ही हात काखेत घातले आणि बराच वेळ बाहेर काढले नाहीत.

प्रेस भंगारात गेली. हेड ऑफिसने चौकशी नेमली. जुनी प्रेस वेल्डिंगवर का चालवली, हा प्रश्न त्यात आलाच नाही. सुरक्षेच्या उपकरणाला तेल कोणी लावलं, एवढंच विचारलं गेलं. मी सांगितलं की तेलाने चौकट मोडत नाही. पट्टीला तेल चालत नाही, हे दत्ताला कोणीही बजावलं नव्हतं. इंदूरवाल्यांनी पट्टी उन्हात, पाण्यात, धुळीत तपासली होती. खंडेनवमीला मशीनचं काय करतात, हे त्यांनी विचारलं नाही आणि आमच्याही डोक्यात आलं नाही. माझं म्हणणं चौकशीवाल्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग दत्ताला कामावरून काढलं. पीथमपूरच्या कारखान्यांत तो काम शोधत फिरला. आधीची नोकरी का गेली, हे सगळीकडे विचारत.

त्या वर्षी अपघात झाला नाही, म्हणून आमच्या प्लांटला सुरक्षेची ढाल मिळाली. खंडेलवालसाहेबांनी ती रिसेप्शनमध्ये लावली.

मागच्या हिवाळ्यात एका लग्नाला कुक्षीला गेले होते. दत्ता तिथे मेव्हण्याच्या पंप दुरुस्तीच्या दुकानात असतो. त्याने स्टूल पुसून दिलं, चहा मागवला.

"कसा आहेस?"

"चाललंय. मेव्हणा पाना मागतो, मी देतो. त्याचं झालं की परत जागेवर ठेवतो." मग म्हणाला, "ताई, तुम्ही बटण दाबलं ते बरोबरच होतं. घरी मी सगळ्यांना तसंच सांगतो. बायकोला पटत नाही."

चहा संपवून मी उठले.

तुम्ही दोघं पुढे कोणत्याही कामात गेलात तरी एवढं करा. बिघडलेली गोष्ट आपोआप नीट झाली, तर खूश होण्याआधी ती का नीट झाली हे शोधा. माणसं कधीकधी आपोआप बरी होतात. लोखंड होत नाही.