वखारीची बुजवलेली भोकं

मित्रांनो, जुन्या जालन्यातल्या निजामकाळच्या धान्याच्या वखारीतून आत्ताच घरी आलोय. हात धुण्याआधी लिहायला बसलोय!

तिथे हमालांच्या पोरांसाठी अभ्यासिका व्हावी, म्हणून आम्ही भांडतोय. सकाळी पालिकेचे इंजिनिअर साहेब आले. "भिंती ओलीने सडल्यात. वखार पाडावीच लागेल," म्हणाले. मी भाषण ठोकणार, तेवढ्यात तिथेच आयुष्यभर पोती वाहिलेले रहीमचाचा पुढे आले.

"साहेब, भिंत बिलकुल खराब न्हाई. खाली हवेची भोकं होती. उंदरं येतात म्हणून आम्हीच सिमेंटनं बुजवली. मंग ओल जाईल कुठून?"

त्यांनी पहारीने एक भोक फोडलं. वारा थेट पायांवर आला! साहेब खाली वाकून बघतच राहिले.

"चाचा, आधी का नाही बोललात?" मी विचारलं.

"कोणी इचारलंच न्हाई ना!"

साहेबांनी महिन्याची मुदत दिली. ओल हटली तर वखार वाचेल.

बाकीची भोकं रविवारी फोडायची आहेत. पुस्तकं नंतर द्या, आधी पहार घेऊन या. आणि प्रामाणिकपणे सांगा, तुमच्या गावातली जुनी इमारत पाडताना तिथे राबलेल्या माणसाला कुणी एक शब्द तरी विचारला होता का?