पाटी टेकवायला जागा

तुमच्या दारासमोर फूटपाथ असेल, तर आत्ता या घडीला त्याच्यावर काय उभं आहे? हा प्रश्न माझा नाही, शेवंतामावशीचा आहे. तिनं तो असा सरळ कधी विचारला नाही. मला तो फार उशिरा ऐकू आला.

मावशी जाऊन आता पाच आठवडे झाले. त्या सकाळी तिच्या सुनेचा, वंदनाचा फोन आला. "ताई, आई गेली. चहा मागितलान, मी आणीपर्यंत..." फोन तसाच चालू राहिला. मिरकरवाड्यातलं त्यांचं घर बंदराला लागून आहे. मागे मासळीच्या लिलावाची ओरड ऐकू येत होती, कुणीतरी बर्फ फोडत होतं. जिच्यासाठी तो लिलाव चाळीस-पन्नास वर्षं रोजचा होता ती आत खाटेवर शांत पडली होती, आणि लिलाव चालूच होता. मला तेव्हा त्याचा राग आला. आता वाटतं, तो थांबलेला तिला आवडलाही नसता.

मावशी मासे विकायची. बंदरावर माल घ्यायचा, पाटीत रचायचा, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, आणि चढण चढून आमच्या आळीत यायचं. माझ्या जन्माच्या आधीपासून हे चाललेलं. आमच्या घरापुढं जांभ्या चिऱ्यांचा गडगा होता, सिमेंट नसलेला, दगडावर दगड ठेवून रचलेला, तिच्या छातीएवढा उंच. गडग्यापाशी आली की मावशी गुडघ्यात किंचित वाकायची आणि डोक्यावरची पाटी अलगद त्याच्यावर सरकवायची. तिथंच विक्री, तिथंच गप्पा, आळीतल्या बायकांच्या चौकशा. माल विकून झाला की पुन्हा वाकून पाटी डोक्यावर. कुणाची मदत लागायची नाही. लहानपणी मला वाटायचं, गडगा हा मासे विकण्यासाठीच बांधतात.

ज्यांनी डोक्यावरून कधी ओझं नेलं नाही त्यांना एक गोष्ट माहीत नसते. भरलेली पाटी जमिनीवर ठेवली की एकट्या माणसाला ती परत डोक्यावर घेता येत नाही. एक तर छातीएवढा कट्टा लागतो, नाहीतर दुसऱ्या माणसाचे दोन हात. म्हणून आमच्याकडं वाटेवरच्या कुणालाही "जरा हात लावा हो" म्हणायची रीत होती. कचेरीत निघालेला कारकून पिशवी काखेत मारून हात लावायचा, शाळेतल्या बाई साडीचा पदर खोचून हात लावायच्या. मागणारीला संकोच नव्हता आणि लावणाऱ्याला आभाराची अपेक्षा नव्हती. हाताला माशांचा वास लागायचा, एवढंच.

मी वाढले ते पत्रकांच्या गठ्ठ्यांत. बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे आणि घरी येताना कुठल्या ना कुठल्या चळवळीचं पत्रक घेऊन यायचे. 'बंधूंनो आणि भगिनींनो' ही अक्षरं मी पाठ्यपुस्तकाच्या आधी वाचली. कॉलेजात गेल्यावर पहिलं पत्रक लिहिलं ते आमच्याच चढणीबद्दल. वाहनं वाढली होती, शाळेची मुलं गटाराच्या काठावरून चालत होती. 'रस्ता कुणाचा?' असं ठळक अक्षरांत मथळ्याला टाकलं आणि खाली फूटपाथची मागणी. वाटायला एक गठ्ठा मावशीकडं दिला. मासेमारी बंद असते ते पावसाळ्याचे दिवस होते, मावशीच्या पाटीत तेव्हा सुकट आणि सोडे असायचे. आठवड्यानं बघते तर ती माझ्या पत्रकात सुकट बांधून देत होती.

"गो मावशी, वाचायला दिली होती ती!"

"वाचतील ना. पुडी सोडताना वाचावंच लागतं. माणसान् नाय वाचलान, तर मांजर वाचील."

मी चिडले. पण सभेला जी माणसं आली त्यांतल्या कितीतरी जणांच्या हातातल्या पत्रकाला सुकटीचा वास होता. तेव्हापासून माझं नाव 'कागदवाली' पडलं.

फूटपाथ मंजूर झाला. त्यासाठी चढणीवरच्या सगळ्या घरांनी हातभर जागा सोडायची होती. कुरकुर झाली, पण बाबांनी सगळ्यांच्या आधी संमती दिली. मुलीच्या पत्रकाचा मान ठेवायचा होता त्यांना. गडगा काढला. आत सरकून नवी भिंत बांधली, सिमेंटची, पुरुषभर उंच, वर लोखंडी जाळी. त्या दिवशी मी आळीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी मावशी आली आणि डोक्यावर पाटी तशीच घेऊन भिंतीसमोर उभी राहिली. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं.

"काय गो कागदवाली, गडगा खाल्लास माजा?"

"मावशी, फूटपाथ झाला की! तुझ्यासारख्यांसाठीच तर भांडले मी."

"चालायला झाला, बाय. थांबायचं कुटं?"

मी हसले. ती थट्टा आहे असं समजले. एवढी पत्रकं लिहिली, एवढ्या सह्या गोळा केल्या, पण जी त्या रस्त्यानं आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त चालली होती तिला 'तुला काय हवं?' हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

त्यानंतर पाटी फूटपाथवर, जमिनीवर आली. दर वेळी उचलायला कुणीतरी हवं. आधी माणसं होती. मग हळूहळू... कसं सांगू, माणसं कुठं गेली नाहीत, ती काचेच्या आत गेली. वाण्याकडं जायला स्कूटर, शाळेत सोडायला गाडी, संध्याकाळी फिरायला जायचं तर फिरायच्या जागेपर्यंत गाडी. मावशी पाटीशेजारी उभी राहून हात वर करायची आणि समोरून गाड्यांमागून गाड्या जायच्या. एकदा एकानं थांबून काच खाली केली, "नको, मासे नकोत" म्हणाला आणि काच वर केली. मावशीनं तो किस्सा आळीभर नकला करून सांगितला. आम्ही पोट धरून हसलो. गाडी अडकली की तिला आपण वाहतूक कोंडी म्हणतो, तिची बातमी होते, तिच्यासाठी पूल बांधतात. भरली पाटी पायाशी घेऊन एक म्हातारी तासभर उन्हात अडकली, तर त्याला आपल्याकडं नावसुद्धा नाही.

आता जे सांगायचं आहे ते मी पाच महिने लिहायचं टाळलं.

मागच्या गणपतीला मुंबईचे काका आले. पूर्वी ते एसटीनं यायचे, स्टँडवरून पिशव्या घेऊन चालत चढण चढायचे, वाटेत दहा ठिकाणी थांबून "कधी आलास?"ला उत्तर द्यायचे. या वेळी नवी गाडी घेऊन आले. दारापुढच्या खळ्यात मांडव घातलेला, गाडीला जागा नाही. "कुठं लावू गो?" काकांनी विचारलं. फूटपाथवर मी दोन कुंड्या ठेवल्या होत्या, कुणी गाडी चढवू नये म्हणूनच ठेवल्या होत्या. त्या मी स्वतः उचलून बाजूला केल्या आणि मागं उभं राहून हात हलवत गाडी वर घेतली. "येऊ दे... येऊ दे... अजून... बस!"

मावशी समोरच्या बाजूला सणाआधीचे शेवटचे मासे विकत होती. ती पाटी तिथंच सोडून रस्ता ओलांडून आली. गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"बाय, ही फूटपाथवर गो?"

"चार दिवसच गो मावशी. गणपती जाईपर्यंत."

"बरं," ती म्हणाली. "हात लाव जरा." आणि ज्या हातांनी गाडी वर घेतली होती, त्याच हातांनी मी पलीकडं जाऊन तिच्या पाटीला हात लावला.

गौरीबरोबर गणपती गेले. काकांना जायच्या आधी मासे खायचे होते. मीच वंदनाला फोन केला, "उद्या आईला लवकर पाठव." मी दारात ताट घेऊन उभी होते. मावशी फूटपाथवरून चढत आली, गाडीपर्यंत पोचली, गाडीला वळसा घालायला रस्त्यावर उतरली. वळणावरून एक गाडी आली. जोरात नव्हती. तिचा आरसा पाटीच्या काठाला लागला, एवढंच. डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला एवढं पुरतं.

पाटी पडल्याचा आवाज अजून कानात आहे. पापलेटं उतारावरून घसरत गेली. गाडीवाले एक निवृत्त गृहस्थ होते, खाली उतरले, मावशीला स्वतःच्या गाडीत घालून त्यांनीच दवाखान्यात नेलं. मी पुढच्या सीटवर होते. मागच्या सीटवर वेदनेनं डोळे मिटलेली मावशी एकदाच बोलली, "शेवटी मला गाडीत बसवलंतच."

खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यानंतर ती चढण चढली नाही. पत्रक लिहिताना समोर कुणीतरी दोषी लागतो. मी त्या गृहस्थांना दोषी ठरवायचा प्रयत्न करून बघितला, काकांनाही ठरवून बघितलं. काका निघण्याआधी दवाखान्यात जाऊन तिच्या पायाशी बराच वेळ बसले होते. जमलं नाही मला. कुंड्या मी उचलल्या होत्या.

मी मिरकरवाड्यात जात राहिले. बोलायचं धाडस व्हायला दोन महिने लागले. एका दुपारी खाटेजवळ बसून म्हटलं, "मावशी, ती गाडी मी लावून घेतली होती."

"म्हाईत हाय मला. मी बगत नव्हते काय?" मग म्हणाली, "चार दिवसच म्हणालीस ना? सगळ्यांचे चारच दिवस असतात, बाय. कुणाचे पाव्हणे, कुणाचं लगीन, कुणाची वाळू. मला तिथनं रोज जायचं होतं."

तिनं मला माफ केलं की नाही, मला सांगता येणार नाही. तिनं तो विषय तिथंच सोडला आणि भलतंच विचारलं. "गडग्याचे दगड टाकलंत की हायत?"

"परसात रचून ठेवलेत बाबांनी."

"त्यात एक घासलेला असंल. हात फिरवून बग."

घरी येऊन बाबा आणि मी एकेक चिरा उलटापालटा केला. मध्ये कुठंतरी तो सापडला. जांभा तसा खरखरीत, पण या चिऱ्याची वरची बाजू पाटीच्या बुडानं इतकी वर्षं घासून गुळगुळीत झाली होती, मध्ये किंचित खोलगट, तेलकट काळी. बाबांनी त्या खोलगट भागावरून हात फिरवला. मग म्हणाले, "गवंड्याला बोलव."

भिंतीचा एक भाग फोडला, जाळी कापली. चिरा किती उंचीवर बसवायचा हे विचारायला मी मावशीकडं गेले. तिनं नको म्हणून हात हलवला. "माज्या उंचीनं नको. वंदनाच्या लाव. आता ती जाणार." वंदना दारात मासे साफ करत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचे हात क्षणभर थांबले. दुसऱ्या दिवशी वंदना रिकामी पाटी डोक्यावर घेऊन आमच्या भिंतीसमोर उभी राहिली आणि गवंड्यानं खूण केली.

चिरा बसल्यावर मी फोनवर काढलेला फोटो मावशीला दाखवला. तिनं फोन डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला. "जाळी काढलीस ते बरं केलंस," म्हणाली. "आता समोर गाडी नको लावूस." पडून राहून तिच्या छातीत कफ भरत चालला होता, त्यातून ती उठली नाही.

वंदना आता रोज येते. चढण चढून येते, किंचित वाकते आणि पाटी त्या चिऱ्यावर सरकवते. चुंबळ मावशीचीच आहे, जुन्या लुगड्याची. पाटी टेकवली की ती चुंबळ डोक्यावरून काढून चिऱ्याच्या कडेला ठेवते, मावशी ठेवायची तशीच. परवा सकाळी मात्र ती आमच्यापर्यंत पोचायच्या आधी रस्त्यावर उतरली. शेजाऱ्यांची गाडी फूटपाथवर होती. मी गेले, दार वाजवलं. शेजारी भला माणूस आहे, माझ्या पत्रकावर सही केलेला. "अगो, घरात लग्न आहे ना," तो म्हणाला, "चार दिवसच..."

मी भांडले नाही. त्याला मावशीची गोष्ट सांगितली, तुम्हाला सांगितली तशीच. त्यानं किल्ली घेतली आणि गाडी खाली उतरवली. मीच मागं उभी होते, हात हलवत.

आता तुम्हाला एवढंच मागते. पेपर खाली ठेवा आणि दाराबाहेर जाऊन बघा. फूटपाथवर तुमची गाडी असेल तर काढा, पाहुण्यांची असेल तर त्यांना काढायला सांगा, चार दिवसांसाठीसुद्धा ठेवू नका. जवळ जायचं असेल तेव्हा चालत जा, आणि वाटेत कुणी ओझ्यापाशी उभं असलेलं दिसलं तर थांबून हात लावा. मग या कागदात खुशाल सुकट बांधा.