काठी आणि गोल

फिक्रीला कारखान्यात सगळे 'नाही-साहेब' म्हणायचे. तोंडावर 'बाशमुहंदिस', इंजिनिअरला आमच्याकडे असंच म्हणतात, आणि पाठ वळली की नाही-साहेब. त्याचं कामच तसं होतं. दुसऱ्यांनी महिनोन्महिने खपून औषधाचा पंप बनवायचा, त्याच्या पोटातला प्रोग्रॅम लिहायचा, आणि या बाबाने तो हरतऱ्हेने छळून शेवटी म्हणायचं, नाही, हा दवाखान्यात जाणार नाही, परत करा. अशा माणसाला कोण डोक्यावर घेऊन नाचणार?

मी हिक्मत. अलेक्झांड्रियाच्या सरकारी इस्पितळात सगळा जन्म घालवला. शेवटी शेवटी हकीमा होते, म्हणजे वॉर्डातल्या नर्सेसची मुख्य. निवृत्त झाले, घरी सुनेशी पटेना, तेव्हा कुणीतरी सांगितलं की बुर्ज अल-अरबच्या कारखान्यात पंप वापरून बघायला नर्स हवी आहे. गेले. फिक्रीने माझे कागद उघडूनही पाहिले नाहीत. म्हणाला, "मला ताजीतवानी नर्स नकोय. दमलेली, वैतागलेली हवी आहे." मी म्हटलं, मग हवी तीच मिळाली तुला.

त्याच्या चाचणीच्या खोलीत पाऊल टाकलं की वॉर्डात आल्यासारखं वाटायचं. स्वतः इस्पितळात बसून त्याने तिथला सगळा गोंगाट टेप करून आणला होता: मशीनचे बीप, नातेवाइकांची भांडणं, कुणाचं तरी कण्हणं. तो मोठ्याने लावायचा. दिवा मिणमिणता ठेवायचा. आजूबाजूला तीन-चार जुनी मशीनं चालू करून ठेवायचा, कारण वॉर्डात पंप कधी एकटा नसतो. मिनीबसमध्ये हाडं खिळखिळी करून मी यायचे, तर चहासुद्धा न देता म्हणायचा, हं हकीमा, करा सुरू. मी त्याला मनसोक्त बोलून घ्यायचे. तो ऐकून घ्यायचा आणि गार झालेला तामियाचा, म्हणजे वाटलेल्या शेंगदाण्यांच्या वड्यांचा, पाव चावत बसायचा. अंगात वर्षभर तोच तपकिरी स्वेटर.

एक शब्द मात्र त्या खोलीत बंद होता. मालेश. जाऊ दे, असू दे, चालायचंच, हे सगळं आमच्याकडे त्या एका शब्दात येतं, आणि दिवसभर येतं. माझं बोट चुकीच्या बटणावर पडलं की माझ्याही तोंडून निघायचं. पहिल्याच दिवशी त्याने मला थांबवलं.

"तुम्ही का मालेश म्हणताय? दमलेल्या बाईचं बोट चुकणारच. ते धरूनच मशीन बनवायचं असतं. तुम्ही नाही चुकलात, पंप चुकला."

उभ्या आयुष्यात मला असं कुणी सांगितलं नव्हतं. वॉर्डात काहीही बिनसलं तरी खापर फुटायचं ते नर्सच्या डोक्यावर. हा माणूस वेडा असावा असंच मला वाटलं. लोक विचारायचे, मशीनपायी याचं कुणी गेलंय का? तर कुणी गेलं नव्हतं. बायको सोडून गेली होती, ती मात्र जिवंत होती, आणि तिचं म्हणणं होतं की रात्री गॅस बंद आहे का ते हा इतक्यांदा बघतो की झोप लागत नाही. मुळातच तसा माणूस.

तर तो पंप. सिरिंज त्यात बसवायची, तासाला किती औषध जायला हवं तो आकडा लावायचा, की पंप बिचारा थेंबथेंब ढकलत राहतो. आधी त्याची पाटी इंग्रजीत होती. मग सरकारी खरेदी निघाली आणि अट आली की पाटी अरबी हवी. कारखान्याने अक्षरं बदलली, आकडेही बदलले.

इंग्रजीचं शून्य गोल असतं. आमचं शून्य म्हणजे नुसतं टिंब, आणि आमचा पाच म्हणजे गोल. एक मात्र दोन्हीकडे सारखाच, एक उभी काठी.

त्या दिवशी फिक्रीने मला दहा लावायला सांगितलं. मी वर जाणारा बाण दाबून धरला, आकडे पळायला लागले, काठी आणि गोल दिसल्यावर सोडला. म्हटलं, लावला दहा. त्याने टेप बंद केली. दिवे लावले. म्हणाला, हकीमा, आता वाचा. वाचलं तर पंधरा.

भाजीचा भाव, बसचा नंबर, घराचा नंबर, सगळं मी अरबीतच वाचते. पण अतिदक्षता विभागात जन्म गेला तो इंग्रजी मशीनांमध्ये. त्या खोलीतही बाकीची सगळी मशीनं इंग्रजीच बोलत होती. त्यांच्यावरून फिरत आलेली नजर इंग्रजीतच राहिली, आणि इंग्रजीत काठी-गोल म्हणजे दहा.

फिक्रीने पंप नापास केला. उपायही त्यानेच सुचवला: आकड्याखाली शब्दात लिहा, दहा असेल तर दहा, पंधरा असेल तर पंधरा. पण त्याला वेळ लागणार होता आणि खरेदीची तारीख हुकली असती. आमचे संचालक शौकत बे स्वतः खाली आले. माझ्याकडे बघून हसत म्हणाले, आपल्याच भाषेतला पाच ओळखता येत नाही, अशा बाईला सरकारने पेन्शन कशाला दिली? सगळे खीखी हसले. मला असा संताप आला की विचारू नका. पण खरंच ओळखला नव्हता ना मी.

मग त्यांनी दुसरी चाचणी घेतली. वरच्या मजल्यावर, मीटिंगच्या गारेगार हॉलमध्ये. नर्सिंग कॉलेजच्या पोरी आणल्या, बसबूसा, रव्याची गोड वडी, खायला घातली, चहा पाजला आणि बजावलं की आकडे नीट बघा हं. एकही चुकली नाही. फिक्री ओरडून ओरडून दमला की अहो, पंप काय हॉलमध्ये चालणार आहे? जिथे वापरायचा तिथेच तपासायला हवा, नाहीतर ती तपासणीच नव्हे. सही करायला त्याने साफ नकार दिला. सही दुसऱ्याने केली. फिक्रीला थर्मामीटर तपासायला बसवलं. मी म्हटलं, सोड ही नोकरी. तर म्हणतो, मी गेलो तर पुढच्या पंपाला नाही कोण म्हणेल?

पंप गेले गावोगाव. दमनहूरलाही गेले, आणि तिथल्या एका इस्पितळात होती माझी अझहार.

हिला सिरिंज कशी धरायची तेही मीच शिकवलेलं. शांत, कामाला वाघ, आईला एकटी. एका सुताराला तिने पोटॅशियम लावलं, तासाला दहा. मूत्रपिंडं अधू असलेला माणूस, त्याला याहून जास्त सोसणार नव्हतं. तिने काठी आणि गोल बघून बाण सोडला. डॉक्टर फेरीला आले, त्यांनीही पंपाकडे बघितलं, मान डोलावली आणि पुढे गेले. दुपारपर्यंत सुताराचं हृदय बंद पडलं. पंपाच्या आठवणीत पंधरा होतं. डॉक्टरांनी हात झटकले आणि पोलिसांनी अझहारला नेलं.

तिची आई माझ्या दारात येऊन बसली. रडली नाही. एवढंच विचारत होती, की माझी पोर तुरुंगात जाणार का?

दुसऱ्या दिवशी मी फिक्रीला गाठलं. तो पाव खात होता. मी सुताराचं सांगितलं, पोटॅशियमचं सांगितलं, आणि पंपाचं नाव घ्यायच्या आतच त्याने पाव खाली ठेवला. मग म्हणाला, "वकिलाला सांगा, मी साक्ष देतो."

शौकत बेंनी त्याला बोलावून घेतलं. काय बोलणं झालं ते कळायला फार अक्कल लागत नाही. साक्ष दिलीस तर इथून जाशील, आणि या धंद्यात कुणी दारात उभं करणार नाही. मुलगी कॉलेजात होती त्याची. तरी तो आला, त्याच स्वेटरवर कोट घालून.

कोर्टात अझहार पिंजऱ्यात उभी होती, कच्च्या कैद्यांच्या पांढऱ्या कपड्यात. मला बघून हसायचा प्रयत्न केला पोरीने. माझी साक्ष आधी झाली. मी सांगितलं, साहेब, मीसुद्धा हाच आकडा दहा वाचला होता. सरकारी वकिलाने विचारलं, आरोपीला शिकवलं कुणी? म्हटलं, मी. तो म्हणाला, बसा. संपली माझी साक्ष.

मग फिक्री. न्यायाधीश वयस्क होते, माणूस वाईट नव्हता. फिक्रीचं सगळं त्यांनी कान देऊन ऐकलं, मध्ये दोन प्रश्नही विचारले. सगळी भिस्त त्याच्यावरच होती आणि तो बोललाही छान. अझहारने गज घट्ट धरले होते. मला वाटलं, सुटली पोर. तेवढ्यात त्याने खिशातून एक काळं कार्ड काढलं. त्यावर पंपासारखीच हिरवी काठी आणि हिरवा गोल काढून आणला होता.

"साहेब, आपणच वाचा. पटकन, विचार न करता."

न्यायाधीशांनी चष्मा लावला. "पंधरा."

त्यांनी कार्ड कारकुनाकडे दिलं. तो म्हणाला, पंधरा. सरकारी वकील म्हणाला, पंधरा. दाराशी उभ्या असलेल्या पोलिसानेही मान उंचावून पंधरा वाचलं.

भिंतीवर कॅलेंडर अरबी, घड्याळाचे आकडे अरबी, समोरच्या खटल्याचा नंबर अरबी. तिथे दहा कुठून येणार होता? हॉलमध्ये पंप तपासला म्हणून ज्याने आकाशपाताळ एक केलं, त्याने तोच पंप कोर्टात तपासला. इतका हुशार माणूस, आणि त्या पोरीला वाचवायच्या घाईत हेच विसरला.

त्याच्याही ते लक्षात आलं. "साहेब, इथे नाही," तो म्हणाला. "इथे पंधराच दिसणार. वॉर्डात चला, बाकीच्या मशीनांमध्ये उभे राहा आणि मग..."

"म्हणजे जागा बघून आकडा बदलतो का, बाशमुहंदिस?" न्यायाधीशांनी विचारलं. चिडून नाही, समजुतीनेच.

"हो," फिक्री म्हणाला.

कोर्ट हसलं. शौकत बेंच्या टोमण्यावर सगळे हसले होते तसंच. हसली नाही ती फक्त पिंजऱ्यातली.

दोन वर्षांची शिक्षा झाली. निकालात लिहिलं होतं की जो आकडा कोर्टातल्या प्रत्येकाला सहज वाचता आला, तो आरोपीला वाचता येऊ नये हा निव्वळ निष्काळजीपणा. म्हणजे फिक्रीच्याच कार्डाने तिला आत ढकललं. तो कोर्टाच्या पायरीवर बसून राहिला. नोकरी सकाळीच गेली होती, पण त्याचं त्याला काही नव्हतं. "मी नापास झालो, हकीमा," एवढंच म्हणाला. मला त्याचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. आणि गळ्यात मिठी मारून रडावंसंही वाटत होतं.

कैद्यांची गाडी मागच्या दारातून निघणार होती. अझहारची आई तिकडे धावत निघाली होती, ती आम्हाला बघून थांबली. मला वाटलं, आता ही शिव्याशाप देणार. तिने वाकून फिक्रीच्या खांद्यावर हात ठेवला.

"मालेश, बेटा," ती म्हणाली. "मालेश."

आणि गाडी गाठायला पुढे गेली. फिक्रीने या वेळी तो शब्द अडवला नाही.