हात मागे बांधणारे सर

"सांगू नकोस. बघ." एवढं म्हणून सर दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि तोंडाला कुलूप लावायचे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, ज्याच्यामुळे काम अडतं आणि ज्याच्यावर धड रागावताही येत नाही.

आमचं नोएडातलं ऑफिस कारखान्यांच्या मशीनची माहितीपुस्तकं इंग्रजीतून हिंदीत आणतं. सरांची रीत अशी, की छपाईआधी पान फरीदाबादच्या कारखान्यात न्यायचं, बंद मशीनपाशी कामगाराच्या हातात द्यायचं आणि तो काय करतो ते बघायचं. तो चुकला तर सर म्हणणार, "चूक कागदाची."

'फास्ट' या शब्दाशी त्यांचं हाडवैर. "रंग फास्ट म्हणजे न जाणारा, गाडी फास्ट म्हणजे न थांबणारी. एकाच शब्दाने बसायचंही आणि पळायचंही. गोऱ्या साहेबाला काही लाज?" पुण्याचे ना, वैतागही शुद्ध मराठीत.

पत्रा दाबायच्या मशीनच्या पानावर तोच आला. हात आत जाऊ नये म्हणून पुढे जाळी असते, ती 'फास्ट', म्हणजे घट्ट बंद, ठेवा. मॅनेजरने हिंदीतही तसाच ठेवला होता.

"यार सर, फास्ट सगळ्यांना कळतं. पान आजच जाऊ द्या. तुमची मुदतवाढ माझ्याच टेबलावर आहे, बरं का."

सरांची निवृत्ती तोंडावर आली होती आणि मुलगी अजून शिकत होती. ते मला म्हणाले, "चल गं, फरीदाबाद."

मशीनवर नवी लागलेली एक बाई होती, नोकरी अजून कच्ची. तिने पान वाचलं, 'फास्ट' बघून वेगाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, जाळी उघडीच ठेवली आणि पत्रा सरळ करायला हात आत घातला. वीज तोडलेली आहे हे मला ठाऊक होतं, तरी मी एक पाऊल पुढे टाकलं. सर हलले नाहीत. पाठीमागची त्यांची बोटं मात्र पांढरी पडली होती.

"पढ़ना नहीं आता?" सुपरवायझर तिच्या अंगावर आला. "कल से मत आना."

तिला हात बाहेर काढायचंही सुचेना.

"इसने वही किया जो लिखा है," सर म्हणाले. "गलती हमारी है. लिखकर देता हूँ." आणि खरंच तिथेच लिहून सही केली.

तिची नोकरी राहिली. मॅनेजरने मात्र ती सही म्हणजे सरांच्या चुकीची कबुली असं धरून ती त्यांच्या नावावर मांडली. मुदतवाढ मिळाली नाही, सर पुण्याला गेले. मला भयंकर राग आला होता, अजूनही येतो.

सुधारलेलं पान घेऊन मी एकटीच गेले. आता त्यावर होतं, 'पहले जाली बंद करें, कुंडी लगाएँ.' तिने वाचलं, जाळी ओढली, कडी घातली. मग माझ्या मागे कोणी उभं आहे का ते पाहिलं.

"वो हाथ बाँधने वाले साहब नहीं आए?"

"अपने घर गए. पुणे."

तिने दोन्ही हातांनी जाळी धरून जोरात हिसका दिला.

"उनको बता देना, दीदी. हिली नहीं."