बोंबलांच्या जागेवर बिगोनिया

बागवाल्या मैत्रिणींनो, आज माझी चांगलीच जिरली.

समुद्रकाठी मुरब्याला राहायला आल्यावर नेटवरच्या नकाशात आपला हार्डिनेस झोन, म्हणजे थंडी किती पडते त्यावरून झाडांसाठी ठरवलेला पट्टा, शोधून मी बिगोनिया आणले. मोकळी, हवेशीर जागा बघून अंगणात कुंड्या मांडल्या. आज बघते तर सगळी पानं करपलेली! पाणी तर रोज घालते.

घरमालकीण काकू बाजूलाच बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगत होत्या. त्यांना म्हटलं, "काकू, झोनप्रमाणे इथली थंडी झाडांना सोसते."

"थंडी हाय कुठं हितं? खारा वारा बघ," काकू म्हणाल्या. "आमी बोंबील सुकवायला हीच जागा धरली, नि तू झाडं जगवायला?"

कुंड्या आता घरामागे आडोशाला आहेत. जगाचा नकाशा बघितला, शेजारी मात्र विचारलं नाही. तुम्ही विचारता का?